कोणता अल्बम श्रेष्ठ? रेडिओहेडच्या चाहत्यांचं भांडण आणि सौंदर्यविधानांचा प्रश्न



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन फोन आले. पहिला माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांचा. ते म्हणाले, "सर, तुम्ही कांटवर बोलणार होतात ना? हे रेडिओहेड काय प्रकरण आहे?" दुसरा फोन माझ्या नातीचा. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही खरंच यावर बोलणार आहात? मग प्लीज, काहीतरी चुकीचं सांगू नका." आजचं व्याख्यान या दोन फोनच्या मधल्या जागेत आहे असं समजा. म्हणजे कांटही येणार आहे आणि शक्य तेवढं चुकीचं काही न सांगण्याचा प्रयत्नही करणार आहे.

सुरुवात कुठून झाली ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. फराळ झाला होता, चहाची दुसरी फेरी चालू होती. माझा मुलगा, त्याचा एक मित्र आणि माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, असे तिघं एका इंग्रजी रॉक बँडवरून भांडायला लागले. मुलगा आता पन्नाशीकडे झुकलाय. त्याचं म्हणणं, "१९९७चा 'ओके कम्प्युटर' म्हणजे कळस. त्याच्या पुढे ते कधी गेलेच नाहीत." नात एकवीस वर्षांची. ती म्हणाली, "मामा, तू सत्त्याण्णवमध्येच अडकलायस. 'इन रेनबोज' ऐक आणि त्यातलं एक तरी गाणं वगळून दाखव." मित्र शांतपणे चकली खात होता. तो म्हणाला, "तुम्ही दोघंही चूक आहात. 'किड ए' नसता तर आज आपण या बँडबद्दल बोलतच नसतो." झालं! दीड तास. कोणी कोणाला हार जात नव्हतं. शेवटी मुलगा माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही सांगा. आयुष्यभर हेच तर शिकवलंत."

खरं आहे. मी चौतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं सौंदर्यशास्त्राचा पेपर माझ्याकडे होता. पण मी म्हणालो, "अरे, मी यातलं काही ऐकलेलंच नाही." त्यावर मुलगा थोडासा हसला आणि म्हणाला, "हो, ते माहितीये मला." या वाक्याकडे मी शेवटी येणार आहे. तूर्त एवढंच सांगतो, की दुसऱ्या दिवशी मी नातीकडून फोनवर सगळे अल्बम लावून घेतले आणि पुढचे चार महिने क्रमाने ऐकले. सगळे नऊ. प्रत्येक निदान तीनदा, काही दहा-बारादा. वही घेऊन बसलो. सवय जात नाही.

ज्यांना या बँडची काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत हे पाच जण एकत्र आले: गायक टॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन ग्रीनवुड हे दोघे भाऊ, एड ओब्रायन आणि ड्रम वाजवणारा फिल सेलवे. १९८५च्या सुमारास त्यांनी एकत्र वाजवायला सुरुवात केली. तेव्हा नाव होतं 'ऑन अ फ्रायडे'. १९९१मध्ये ईएमआय या कंपनीशी करार झाला आणि नाव बदलून रेडिओहेड ठेवलं. १९९२मध्ये 'क्रीप' हे गाणं आलं, पुढे ते जगभर वाजलं. मग अल्बम: १९९३ला 'पाब्लो हनी', १९९५ला 'द बेंड्स', १९९७ला 'ओके कम्प्युटर', २०००ला 'किड ए', २००१ला 'अ‍ॅम्नीझिअ‍ॅक', २००३ला 'हेल टू द थीफ', २००७ला 'इन रेनबोज', २०११ला 'द किंग ऑफ लिंब्स' आणि २०१६ला 'अ मून शेप्ड पूल'. माणसं तीच पाच. एवढ्या वर्षांत एकही बदललं नाही. आणि तरी पहिला आणि चौथा अल्बम पाठोपाठ लावले, तर नवख्या माणसाला ते एकाच बँडचे आहेत हे पटणार नाही. म्हणूनच भांडण होतं. सगळे अल्बम एकाच जातीचे असते, तर कुठला जास्त चांगला हे पाहणं सोपं होतं. इथे प्रत्येक अल्बम चांगल्याची व्याख्याच थोडी बदलतो.

आता त्या दिवाळीच्या भांडणाकडे परत जाऊ. मी ऐकत असताना मनात एक जुनी खोड जागी झाली. कोण बरोबर हे बाजूला ठेवून, माणसं कारणं कोणत्या जातीची देतात हे मी पाहत होतो. तीन जातींची कारणं पुन्हा पुन्हा येत होती. आपल्याकडे सवाईच्या मध्यंतरात चहाच्या स्टॉलपाशी जी भांडणं होतात, त्यातही हीच तीन कारणं येतात, हे तुमच्या लक्षात येईल.

पहिलं कारण धाडसाचं. 'किड ए'वाल्यांचं हे मुख्य शस्त्र. 'ओके कम्प्युटर'नंतर हा बँड जगातल्या सर्वात मोठ्या बँडपैकी एक झाला होता. लोकांना तसलंच आणखी हवं होतं. यांनी काय केलं? गिटार बरीचशी बाजूला ठेवली. 'ओंद मार्तनो' नावाचं १९२०च्या दशकातलं फ्रेंच विद्युतवाद्य घेतलं. मेसियाँ या संगीतकारामुळे जॉनी ग्रीनवुडला त्याचं वेड लागलं होतं. 'इडिओटेक' नावाच्या गाण्यासाठी पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकाराच्या १९७३च्या, संगणकावर केलेल्या रचनेतला एक तुकडा वापरला. गायकाच्या आवाजाचे तुकडे केले. बाजारात एकही सिंगल काढलं नाही. आणि एवढं करून तो अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर गेला!

गोष्ट म्हणून ही फार आकर्षक आहे. पण तर्कशास्त्राच्या तासाला मी विद्यार्थ्यांना जे विचारायचो तेच इथे विचारतो: यातून काय निष्पन्न होतं? धाडस हा माणसाचा गुण आहे. तो त्याने केलेल्या वस्तूचा गुण आपोआप होत नाही. विहिरीत उडी मारायला धाडस लागतं, पण त्यावरून उडी मारणाऱ्याला पोहता येतं हे सिद्ध होत नाही. २०००मध्ये 'किड ए' आला तेव्हा निक हॉर्नबी या इंग्रज कादंबरीकाराने 'न्यू यॉर्कर'मध्ये नाराजीचा लेख लिहिला होता. गंमत बघा, या हॉर्नबीचीच 'हाय फिडेलिटी' नावाची कादंबरी आहे, आणि तिच्यातली रेकॉर्डच्या दुकानातली माणसं दिवसभर 'सर्वोत्तम पाच'च्या याद्या करत बसतात. त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की असल्या अल्बमला जी चिकाटी आणि भक्ती लागते ती नोकरीधंद्याला लागलेल्या माणसाकडे उरत नाही. चाहत्यांनी त्याची बरीच टिंगल केली. मला ती अन्यायाची वाटते. कलाकाराने श्रोत्याकडून किती मागावं, हा खरा प्रश्न आहे. मला स्वतःला त्याचं म्हणणं पटत नाही, पण त्याचं कारण साधं आहे. मी निवृत्त आहे. माझ्याकडे दुपार असते.

दुसरं कारण निर्दोषपणाचं. हे माझ्या नातीचं. "एक गाणं वगळून दाखव." 'इन रेनबोज'मध्ये दहा गाणी आहेत, सगळं मिळून पाऊण तासाच्या आत संपतं. याउलट 'हेल टू द थीफ'मध्ये चौदा गाणी आहेत, जवळजवळ तासभर चालतं, आणि त्याबद्दल चाहत्यांची कायम तक्रार की हा लांबला. पुढे यॉर्कनेच त्याचा एक छोटा, वेगळा क्रम सुचवला होता. म्हणजे कर्त्यालाही पटलं होतं.

पण निर्दोष ते श्रेष्ठ, असं म्हणता येईल का? हा प्रश्न पहिल्यांदा विचारणारे आपण नाही. उदात्ततेवरच्या ग्रीक ग्रंथात लाँजायनस हाच प्रश्न विचारतो: दोष असलेली थोरवी बरी, की कुठेही न चुकणारी नीटनेटकी रचना बरी? आणि तो होमरच्या बाजूने उभा राहतो. अपोलोनियस कुठे घसरत नाही, पण म्हणून तुम्हाला अपोलोनियस व्हायला आवडेल का, असं त्याचं विचारणं आहे. हे मी नातीला सांगितलं. ती म्हणाली, "पण आजोबा, 'इन रेनबोज' नीटनेटका नाहीये. तुम्ही नीट ऐकलंच नाहीये." मग तिने मला पहिल्या गाण्याच्या मात्रा मोजायला लावल्या. पाच. आपल्या झपतालाची सवय असलेल्या कानाला पाचाचं काय कौतुक, असं मी म्हणणार होतो. पण झपतालात पाच-पाचाचं वजन आपल्याला आधीपासून पाठ असतं, आपण त्यात स्वस्थ बसतो. इथे ते अंगावर येतं, पाऊल टाकावं आणि पायरी एक बोट पुढे सरकलेली असावी तसं. आणि त्याच्यावर गायक अगदी निवांत गातो. हे मला तिने बोट ठेवेपर्यंत ऐकू आलं नव्हतं. हा प्रसंग लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

तिसरं कारण आठवणीचं. हे माझ्या मुलाचं, आणि याच कारणाची सगळे टवाळी करतात. "तू एकोणीस वर्षांचा होतास म्हणून तुला तो आवडतो." ह्यूमने १७५७च्या 'अभिरुचीचा निकष' या निबंधात हे आधीच नोंदवलंय. विशीत माणसाला ओव्हिड प्रिय असतो, चाळिशीत होरेस, पन्नाशीत टॅसिटस. ह्यूम याला दोष म्हणत नाही. आपण जसा स्वभावाला मानवणारा मित्र निवडतो तसाच लेखकही निवडतो, असं तो म्हणतो. पण मग मुद्दा असा येतो, की हे जर नुसतं वयाचं आणि स्वभावाचं असेल तर भांडण कशाला? ज्याचा त्याला आपापला अल्बम लखलाभ!

इथे कांट येतो. माझ्या सहकाऱ्यांनी आता पुढे सरकून बसावं.

कांट १७९०च्या ग्रंथात दोन प्रकारच्या विधानांत फरक करतो. 'मला कारल्याची भाजी आवडते' हे एक. तुम्हाला ती आवडत नाही म्हणालात, तर आपण भांडत नाही. तुम्ही बटाट्याची खा. पण 'हे सुंदर आहे' असं जेव्हा मी म्हणतो, तेव्हा ते फक्त माझ्यापुरतं उरत नाही. मी तुमच्याकडूनही संमतीची अपेक्षा करतो. ती मिळेलच असं नाही, पण मागणी असते. आणि गंमत म्हणजे, ही मागणी पूर्ण करवून घ्यायला माझ्याकडे कोणताही सिद्धांत नसतो. भूमितीत असतो तसा पुरावा नाही. म्हणजे मागणी सर्वांकडे, आणि पुरावा कुणाकडेच नाही. सौंदर्यविधानाची अडचण ही आहे, आणि माझ्या मते त्याची प्रतिष्ठाही तीच आहे.

आता त्या तिघांचं भांडण पुन्हा ऐका. कोणीही 'मला आवडतो' म्हणत नव्हतं. नात म्हणत होती, 'तू ऐकलंच नाहीस.' मुलगा म्हणत होता, 'तुला तेव्हाचं जग माहीत नाही म्हणून तुला कळत नाही.' ही कारल्याची भाषा नाही. म्हणून 'आवडीनिवडीला वाद कशाला' असं म्हणून जे लोक असं भांडण मिटवतात, ते समंजस वाटतात, पण ते भांडणाऱ्यांचं म्हणणंच पुसून टाकतात.

मग पुरावा नसताना वाद कसा करायचा? इथे मला आर्नल्ड आयझेनबर्ग या तत्त्वज्ञाचा १९४९चा एक छोटा निबंध फार उपयोगी वाटत आलाय. त्याचं सार मी माझ्या शब्दांत सांगतो. समीक्षक जेव्हा कारण देतो, तेव्हा ते कारण निष्कर्ष सिद्ध करत नाही. ते तुमचं लक्ष एका जागी नेतं. 'ही रेषा बघ, कशी वळते.' तुम्ही बघता. दिसली तर दिसली. दिसल्यावर आपलं एकमत होईलच असंही नाही, पण आता आपण दोघं एकच वस्तू बघत असतो. एरवी आपण एकाच नावाच्या दोन वस्तूंबद्दल भांडत असतो. नातीने मात्रा मोजायला लावल्या, तेव्हा तिने माझ्यापुढे काही सिद्ध केलं नाही. तिने दाखवलं.

यावरून चाहत्यांच्या वादाची कसोटी ठरवता येते. वादानंतर तुम्हाला आधी ऐकू न आलेलं काही ऐकू आलं का? आलं असेल, तर वाद चांगला झाला, मग निकाल लागो न लागो. नसेल, तर तुम्ही फक्त याद्यांची अदलाबदल केली. या कसोटीवर काही नेहमीची कारणं सपशेल पडतात. 'अमुक मासिकाने दशकातला सर्वोत्तम अल्बम म्हटलं' हे कारण काही ऐकवत नाही. 'क्रीप आवडणारा खरा चाहताच नव्हे' हे तर कारणच नव्हे, ती जातपडताळणी आहे. आपल्याकडचं एक कारणही पडतं. जॉनी ग्रीनवुडने जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्यात राजस्थानी कलावंतांबरोबर ध्वनिमुद्रण केलं, २०१५मध्ये 'जुनून' नावाने ते आलं. चांगली गोष्ट आहे, जरूर ऐका. पण त्यामुळे रेडिओहेडचा एखादा अल्बम आपल्याला कणभर जास्त जवळचा ठरत नाही. आणि 'इन रेनबोज'बद्दल नेहमी सांगितली जाणारी ती किमतीची गोष्ट. १० ऑक्टोबर २००७ला त्यांनी तो अल्बम स्वतःच इंटरनेटवर ठेवला आणि सांगितलं, वाटेल ती किंमत द्या, शून्यही चालेल. संगीताच्या धंद्याच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची आहे. पण किंमत आणि मूल्य हे दोन शब्द मराठीत वेगळे आहेत, आणि ते वेगळेच राहू द्यावेत.

आता जरा अवघड प्रश्न. आपण भांडतो तेव्हा तुलना कशाची करतो? अल्बम म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा घसरडा निघाला. 'किड ए' आणि 'अ‍ॅम्नीझिअ‍ॅक' एकाच काळातल्या, त्याच ध्वनिमुद्रणांतून निघाले. त्या ढिगाची दोन ताटं वाढली. पहिल्याला लोक महाकाव्य म्हणतात, दुसऱ्याला उरलंसुरलं. पण त्या 'उरल्यासुरल्या'तलं 'पिरॅमिड साँग' ऐका. सुरुवातीला फक्त पियानो आहे, आणि त्याचं वजन काही केल्या हाताला लागत नाही. बऱ्याच वेळाने ड्रम येतात आणि मग कळतं की लय पहिल्यापासून होती, आपल्याला समेचा पत्ता नव्हता एवढंच. मला विचाराल तर या बँडचं हे सर्वात खोल गाणं आहे. आणि ते कळसावर नाही, तळघरात ठेवलंय.

याहून मोठी फजिती पुढे झाली. शेवटचा अल्बम, 'अ मून शेप्ड पूल'. तो मला फार आवडला. त्यात शेवटी 'ट्रू लव्ह वेट्स' हे गाणं येतं. हे गाणं ते १९९५पासून मैफिलीत गात होते. २००१मध्ये गिटारवर गायलेलं त्याचं थेट मैफिलीतलं ध्वनिमुद्रण आलं. आणि स्टुडिओत केलेलं रूप आलं २०१६मध्ये. एकवीस वर्षांनी! गिटार गेली, पियानोचे सुटे सूर राहिले. चाहत्यांत यावरही दोन पक्ष आहेत, जुनं खरं की नवं. ज्यांच्या कानावर एकच बंदीश चार गायकांकडून ऐकण्याचे संस्कार आहेत, त्यांना यात भांडण दिसणार नाही. आपण म्हणू, बंदीश एक, मांडण्या दोन. पण रॉकमध्ये ध्वनिमुद्रण हीच कृती मानतात, त्यामुळे त्यांना निवड करावी लागते. असो. मी वहीत दीड पान लिहिलं होतं: हा अल्बम एका जळत्या, भीतीच्या जागी सुरू होतो, हळूहळू उतरत जातो आणि शेवटी या गाण्याशी, जवळजवळ रिकाम्या खोलीत येऊन थांबतो. क्रमाची ही रचना किती अटळ आहे, वगैरे. मी मोठ्या उत्साहाने नातीला वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, त्या अल्बममधली गाणी अकारविल्हे लावलीयत. ए-बी-सी-डी प्रमाणे. 'बी'पासून 'टी'पर्यंत."

खोलीत हसू पसरलं होतं तसंच आताही पसरलंय, ठीक आहे.

पण हसून झाल्यावर मी विचार केला. मी जे ऐकलं ते खोटं होतं का? क्रम वर्णमालेने लावला हे खरं. पण तो क्रम त्यांनी ठेवला हेही खरंच. दुसरं असं, की मला जो उतार ऐकू आला तो कुणी योजला की नाही यावर तो आहे की नाही हे ठरत नाही. डोंगराचा उतारही कुणी योजलेला नसतो. मात्र माझ्या दीड पानातला एक शब्द मला खोडावा लागला: 'अटळ'. अटळपण मी माझ्या खिशातून घातलं होतं. आमचे रा. भा. पाटणकर 'सौंदर्यमीमांसे'त सौंदर्याच्या संकल्पनेला द्विध्रुवात्मक म्हणतात. एका ध्रुवाशी कलाकृती स्वायत्त, स्वयंपूर्ण; दुसऱ्याशी तीच कलाकृती आपल्या लौकिक जगण्यात मिसळलेली. मी त्या रात्री पूर्णपणे पहिल्या ध्रुवावर जाऊन बसलो होतो. नातीने एका वाक्यात खाली आणलं.

आता तुम्ही म्हणाल, फार झाली प्रस्तावना, तुमचा निकाल सांगा. समीक्षकाने निकाल टाळणं हे मला पळपुटेपणाचं वाटतं. तेव्हा सांगतो. चार महिन्यांनी, होळीला सगळे पुन्हा जमले तेव्हा मी वहीतून माझा निकाल वाचला. 'किड ए' सर्वात थोर. 'इन रेनबोज' त्याच्या जवळ. 'ओके कम्प्युटर' तिसरा.

मुलाचा चेहरा मी पाहत होतो. मी कारण दिलं. 'ओके कम्प्युटर' हा वेगाच्या, यंत्राच्या, एकाकीपणाच्या भीतीचा अल्बम आहे. ती भीती त्यातल्या सुरांत पूर्ण उतरलीय. मग मध्येच, सातव्या जागी, 'फिटर हॅपिअर' नावाचा तुकडा येतो. त्यात संगणकाचा कोरडा आवाज सुधारलेल्या, आरोग्यसंपन्न, आज्ञाधारक आयुष्याची यादी वाचतो. मला वाटलं, ही तळटीप झाली. कवितेच्या मध्येच कवीने उभं राहून अर्थ सांगावा तसं. 'किड ए'मध्ये तीच भीती आहे, पण तिथे तुकडे झालेला आवाजच ती सांगतो, त्यासाठी वेगळा निवेदक लागत नाही. म्हणून 'किड ए' वरचा.

कारण बरं होतं. अजूनही तसं बरं आहे. पण मुलगा काय म्हणाला ते ऐका. तो चिडला नाही. म्हणाला, "बाबा, तुम्ही ते फोनवर ऐकलंत. एका गाण्यानंतर दुसरं आपोआप लागलं. माझ्याकडे कॅसेट होती. बारा गाणी. सहा झाली की टेप थांबायचा, खट्कन. खोलीत शांतता. मी अंधारात उठायचो, कॅसेट उलटी करायचो, बटण दाबायचो. आणि त्या शांततेनंतर पहिला आवाज यायचा तो त्या यंत्राचा. मला ती तळटीप कधी वाटलीच नाही. मला वाटायचं, मी उठून जे बटण दाबलं त्यालाच हा उत्तर देतोय."

मित्रहो, यावर मला काही बोलता आलं नाही. कारण मला ते ऐकू आलं. आयझेनबर्ग म्हणतो ते झालं, लक्ष एका जागी नेलं गेलं, आणि ती जागा अल्बममध्ये होती. मी ज्याला आठवणीचं कारण म्हणून हलकं ठरवलं होतं, ते कारण खरं तर ऐकण्याचं होतं. मुलाची आठवण त्या कृतीच्या मध्यावर असलेल्या फटीबद्दल काहीतरी सांगत होती, आणि ती फट माझ्या फोनने बुजवून टाकली होती.

आता मी सुरुवातीला राखून ठेवलेल्या वाक्याकडे येतो. "हो, ते माहितीये मला."

ती कॅसेट आमच्याच घरात वाजत होती. १९९७-९८ची गोष्ट. मी सकाळी वर्गात कांटचं सौंदर्यविधान शिकवायचो. सर्वांकडून संमतीची मागणी, वगैरे. आणि रात्री मुलाच्या खोलीच्या दारात उभं राहून एकदा मी म्हणालो होतो, "बंद कर तो गोंगाट. हे संगीत नाही." मी एक गाणंही पूर्ण ऐकलेलं नव्हतं. त्याने दार लावून घेतलं. हेडफोन घेतले. त्यानंतर त्याने मला कधी काही ऐकवायला आणलं नाही. मलाही त्याचं काही वाटलं नाही. घर शांत झालं म्हणून बरंच वाटलं.

कांटचं म्हणणं मला पाठ होतं, पण त्याची दुसरी बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. 'हे सुंदर आहे' असं जेव्हा कुणी म्हणतं आणि आपल्याकडून संमती मागतं, तेव्हा ती मागणी एक आमंत्रणही असते. 'ये, इथे बस, मला जे ऐकू येतंय ते तुला येतंय का सांग.' नाही म्हणायचा अधिकार आपल्याला आहेच. पण तो ऐकल्यानंतरचा अधिकार आहे. न ऐकता दिलेला नकार वस्तूला लागत नाही, तो त्या माणसाला लागतो. त्या तिघांचं दिवाळीतलं भांडण मला सुरुवातीला पोरकट वाटलं होतं. आता वाटतं, ते एकमेकांना सतत आमंत्रणं देत होते. मी त्या घरातला सर्वात जास्त शिकलेला माणूस होतो, आणि पंचवीसेक वर्षं मी त्यातलं एकही स्वीकारलं नव्हतं.

शेवटी निकालाचं काय? मी तो मागे घेतलेला नाही. 'किड ए' मला अजूनही वरचा वाटतो. पण 'ओके कम्प्युटर'विरुद्धचं माझं कारण मी वहीतून खोडलंय, आणि त्याच्या जागी दुसरं मिळालेलं नाही. म्हणजे आज माझ्याकडे एक निकाल आहे आणि त्याला पुरेसं कारण नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ही अवस्था सुखाची नसते. मुलगा म्हणतो, "मग पुन्हा ऐका." त्याने माळ्यावरून जुना टेप काढून दुरुस्तीला दिलाय. कॅसेट अजून आहे म्हणतो. दुरुस्त होऊन आला की ऐकणार आहे. या वेळी कॅसेट मी उलटणार, असं ठरलंय.

प्रश्न असतील तर घेऊ. फक्त 'द किंग ऑफ लिंब्स'बद्दल विचारू नका. त्या अल्बमवरून आमच्या घरात अजून कोणी कोणाशी बोलत नाही.